लहान भागधारकाने दाद मागायची कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी वखारभागात हळद व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. हल्ली दुकानदार आपल्या शेअर्सच्या डिमॅट खात्याचे कागदही माझ्यापुढे ठेवतात. कंपनीने खोटे ताळेबंद दाखवले, भाव कोसळला, तर नुकसान कोण भरून देणार, या त्यांच्या प्रश्नाने मी अस्वस्थ होतो.

२००९ मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा खोट्या ताळेबंदांचा घोटाळा उघड झाला. अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी एकत्र दावा लावला आणि कंपनीने तो साडेबारा कोटी डॉलर देऊन मिटवला. फसवणूक एकच, पण आपल्याकडच्या भागधारकांना तशी भरपाई मिळाली नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने दोषींवर कारवाई केली खरी, पण दंड सरकारी तिजोरीत जातो, भागधारकाच्या खात्यात नाही.

पुढे कंपनी कायदा २०१३ मध्ये कलम २४५ आले. आता शंभर भागधारक मिळून कंपनी न्यायाधिकरणाकडे, लेखापरीक्षकाविरुद्धसुद्धा, भरपाई मागू शकतात. तरी असे अर्ज अगदी मोजकेच झाले. सांगलीतल्या माणसाने देशभर विखुरलेले शंभर जण शोधायचे कसे? वकिलाला ‘जिंकलो तर फी’ असा करार करता येत नाही, म्हणजे खर्च आधी खिशातून. याच कायद्याच्या कलम १२५ नुसार गुंतवणूकदार संरक्षण निधीतून तो परत मिळू शकतो, पण न्यायाधिकरणाने मंजूर केला तर आणि खर्च झाल्यावरच!

या निधीत भागधारकांचाच न उचललेला लाभांश जमा असतो. त्यातून दावा दाखल करतानाच आगाऊ रक्कम द्यावी, आणि इतर भागधारकांना निरोप पोचवण्याची जबाबदारी डिपॉझिटरीवर, म्हणजे डिमॅट शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या संस्थेवर, टाकावी. आपल्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत मांडावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक हिशेबनीस, वखारभाग, सांगली