छोट्या लेथची साधने त्याच लेथवर बनवावीत

संपादक महोदय,

हौसेखातर किंवा घरगुती उत्पादनासाठी घरी धातूकामाचा छोटा लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापण्याचे यंत्र) घेणारे लोक आता गावोगावी भेटतात. साधारण १८० मिमी स्विंगचे (म्हणजे तेवढ्या व्यासाचा तुकडा फिरवता येईल असे), दोन सेंटरमध्ये (तुकड्याच्या दोन टोकांच्या आधारांमध्ये) ३०० ते ३५० मिमी अंतर असलेले हे परदेशी बनावटीचे लेथ ऑनलाइन मागवता येतात आणि दोघांनी उचलून टेबलावर ठेवता येतात. मात्र थोड्याच दिवसांत ‘मशीनच कच्चे आहे’ असे म्हणून कोणी ते झाकून ठेवतो, तर कोणी मशीनच्या किमतीएवढ्या ॲक्सेसरीज विकत घेत सुटतो. यातले काहीही करण्याची गरज नाही. मशीन आधी नीट बसवून घ्यावे आणि त्याला लागणारी बहुतेक साधने त्याच मशीनवर बनवावीत, असे टूलरूममध्ये (कारखान्याची साधने बनवणाऱ्या विभागात) उमेदीची वर्षे घालवलेला कामगार या नात्याने मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हरिहर येथे १९४१ साली स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे जुने लेथ आजही अनेक छोट्या कारखान्यांत चालताना दिसतात. त्यांचा बेडच (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो पाया) इतका जड की बसवताना थोडी कसूर झाली तरी मशीन ती सोसून नेते. टेबलावरच्या हलक्या लेथचे तसे नसते. टेबल सपाट नसेल आणि चारही बोल्ट करकचून आवळले, तर बेडला पीळ बसतो आणि जॉब (कापायचा तुकडा) टेपर, म्हणजे निमुळता, येऊ लागतो. हे तपासायला महागडे साधन लागत नाही. २५ ते ३० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यांत) धरून १०० ते १२० मिमी बाहेर काढावा, टेलस्टॉकचा (समोरच्या टोकाच्या ठोकळ्याचा) आधार देऊ नये, मधला भाग बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवाव्यात आणि क्रॉस स्लाइडला (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता एकाच हलक्या कटात दोन्ही कॉलर कापून मायक्रोमीटरने मोजाव्यात. फरक आला तर आधी टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून पीळ काढावा. तेवढ्याने भागले नाही तरच हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या भागाच्या) बोल्टला पाना लावावा. त्याच बैठकीत गिबचे (स्लाइडमधली ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू एकेक करून असे बसवावेत की स्लाइड जड न होता तिच्यातली हालचाल संपेल, आणि मग लॉकनट आवळावेत. कच्चेपणाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

यानंतर बनवायचे पहिले साधन कोणते, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर ‘चक की’ (चकचे जबडे आवळण्याची किल्ली) हेच आहे. मशीनसोबत येणारी किल्ली चकमध्ये विसरून मशीन सुरू झाले, तर ती उडून तोंडावर येऊ शकते, आणि घरच्या लेथजवळ मुलेही असतात. चौकोनी टोकावर एक स्प्रिंग अशी बसवावी की हात सोडताच किल्ली आपोआप चकबाहेर ढकलली जाईल. दांडा टर्न करणे (गोल कापणे), मूठ नर्ल करणे (पकडीसाठी खरबरीत करणे) आणि टोक फाइलने चौकोनी करणे, एवढेच हे काम आहे, आणि तेवढ्यात नवशिक्याचा हातही बसतो. चष्मा लावणे, हातमोजे न घालणे, ओढणी किंवा सैल बाही मशीनपासून दूर ठेवणे हे नियम अर्थातच त्याहून आधीचे.

टूलची धार सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्यरेषेच्या उंचीला, आहे की नाही हे पाहण्यासाठी पातळ स्टील पट्टी गोल बार आणि टूलचे टोक यांच्यामध्ये हलकेच धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे. एकदा हे जमले की त्या उंचीचा एक गेज टर्न करून कायमचा जवळ ठेवावा.

सर्वात जास्त रडवते ते पार्टिंगचे, म्हणजे जॉब कापून वेगळा करण्याचे, काम. छोट्या लेथवर पुढून पार्टिंग करताना टूल जॉबमध्ये घुसते, पाते तुटते किंवा मोटर अडकते. कटचा भार वाढला की टूलपोस्ट (टूलची पकड) पुढे खाली दबते आणि स्लाइडमधल्या ढिलाईमुळे धार जॉबच्या आणखी आत ओढली जाते, हे त्याचे कारण. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: क्रॉस स्लाइडच्या मागच्या बाजूला वेगळी टूलपोस्ट बसवून तिच्यात पार्टिंगचे पाते उलटे धरायचे. तिथे भार वरच्या दिशेने येतो, टूल दबण्याऐवजी जॉबपासून दूर सरते आणि चिपही फटीत अडकण्याऐवजी खाली पडते. ही पोस्ट माइल्ड स्टीलच्या किंवा बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ठोकळ्यातून बनते. फोर-जॉ (चार जबड्यांच्या) चकमध्ये ठोकळा धरून त्याच्या बाजू फेस कराव्यात (सपाट कापाव्यात) आणि पात्याचा खाचा अशा उंचीवर घ्यावा की उलट्या पात्याची धार बरोबर सेंटरला येईल. क्रॉस स्लाइडला मागे जागा असेल तर आटे पाडून ती बोल्टने बसवता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी असा बिडाचा तुकडा मिळवणे अवघड नाही. तो कोरडाच कापावा आणि बेडवर कागद पसरावा, कारण बिडाची भुकटी तेलात मिसळून स्लाइडमध्ये गेली की पृष्ठभाग घासून खराब करते.

टेलस्टॉकमध्ये बसणारा डाय होल्डरही (बारवर आटे पाडणारी डाय धरणारे साधन) असाच उपयोगी आहे. हाताने डाय फिरवली की आटे तिरके पडतात. टेलस्टॉकच्या दांड्यावर सरकणाऱ्या होल्डरमध्ये ती धरली की सरळ पडतात. त्याच्या दांड्याला दोन नंबरचा मोर्स टेपर (ठरावीक मापाचा निमुळता आकार) लागतो, म्हणजे साधारण २० मिमी लांबीमागे व्यासात १ मिमी फरक. तो कंपाउंड स्लाइड (कोनात फिरवता येणारी वरची स्लाइड) फिरवून घेता येतो आणि चांगल्या सेंटरवर डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारे मोजमापाचे साधन) चालवून कोन नेमका लावता येतो. हा डायल इंडिकेटर मात्र विकतच घ्यावा, आणि चांगला घ्यावा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल स्वतः ग्राइंड करायला शिकले की कार्बाइडच्या महाग टिपांमागे धावावे लागत नाही. कमी ताकदीच्या मोटरला तीक्ष्ण एचएसएस धारच जास्त मानवते.

याच संदर्भात आयटीआयच्या व्यवस्थापनांकडे एक विनंती आहे. टर्नर ट्रेडच्या (लेथकामाच्या अभ्यासक्रमाच्या) दोन वर्षांत विद्यार्थी टेपर, थ्रेडिंग (आटे पाडणे), नर्लिंग, बोअरिंग (भोक आतून कापणे) असे सगळे सराव करतात, पण त्या सरावाचे जॉब बहुतेक ठिकाणी शेवटी भंगारात जातात. टेपरचा सराव डाय होल्डरच्या दांड्यावर, नर्लिंगचा चक कीच्या मुठीवर आणि बोअरिंगचा चकच्या बॅकप्लेटवर (चक ज्यावर बसतो त्या चकतीवर) झाला, तर मोजमापाची परीक्षा तीच राहील आणि विद्यार्थ्याच्या हाती कामाची वस्तू येईल. चुकलेले माप तर वापरताना त्याचे त्यालाच जाणवेल.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका साधनाचे मापांसह रेखाचित्र मराठीत छापता आले, तर घरी लेथ घेऊन बसलेल्या तरुणांना मोठीच मदत होईल. वर उल्लेखिलेल्या साधनांची रेखाचित्रे माझ्याकडे तयार आहेत आणि ती मी विनामूल्य पाठवीन.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, कोल्हापूर