आर्ट्स अँड क्राफ्ट्सला शिकवतात तरी काय, तू विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेकीला आर्ट्स अँड क्राफ्ट्सलाच जायचंय आणि तुला कळत नाहीये की तिथे इतकी वर्षं शिकवतात तरी काय, चित्रं काढणं, मातीची भांडी करणं हे तर हल्ली व्हिडिओ बघूनही जमतं असं तू लिहिलंयस. विचारलंस ते बरं केलंस. मी स्वतः ते शिकलेय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, निवांत वाच.

सुरुवातीला फाउंडेशन असतं. ड्रॉइंग, रंग, थ्रीडी, आणि सगळ्या मटेरियलची थोडी थोडी ओळख. ही पद्धत बरीचशी बाउहाउसची, म्हणजे १९१९ साली जर्मनीत वायमारला जी शाळा निघाली तिची. तिथे योहानेस इटन नवीन मुलांना आधी लाकूड, काच, कापड, धातू असं हाताळायला लावायचे, मगच वर्कशॉप. पुढे योझेफ आल्बर्स तोच कोर्स घ्यायला लागले तेव्हा ते मुलांना नुसता कागद द्यायचे, की यातून काहीतरी उभं करा आणि तुकडाही वाया घालवू नका. आजही कितीतरी कॉलेजांत हा एक्सरसाइज पहिल्या काही आठवड्यांतच होतो. मला तो फार आवडतो कारण तेव्हा पहिल्यांदा समजतं की कागदाला सरळ घडी घातली की तो ताठ उभा राहतो, म्हणजे ताकद जाडीत नव्हती, आकारात होती.

ड्रॉइंगमध्ये हात वळवण्यापेक्षा डोळ्यावरच जास्त काम चालतं. खुर्ची काढायची असेल तर खुर्ची काढायचीच नाही, तिच्या दांड्यांच्या मधली जी रिकामी जागा दिसते तिचे आकार काढत जायचं, आणि खुर्ची आपोआप बरोबर येते कारण डोक्यात जी ठरलेली खुर्ची असते ती मधे लुडबुड करत नाही. रंगांचंही तसंच, एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे घे, एक काळ्यावर ठेव, एक पांढऱ्यावर, ते एकच आहेत यावर तुझा विश्वास बसणार नाही. असं महिनोन् महिने करून घेतात आणि मग आपण बघतो कसे तेच बदलतं.

आता माती. इथे मी जरा रेंगाळणार, कारण मला विचारशील तर सगळ्या कोर्सचा जीव तिथे आहे. लोकांना वाटतं चाकावर भांडं वर काढणं म्हणजेच पॉटरी, पण ते काही मिनिटांचं काम, बाकी सगळं त्याच्या आधी आणि नंतर. आधी माती मळायची, आतली हवा निघेपर्यंत आणि ओल सगळीकडे सारखी होईपर्यंत. मग चाकावर बरोबर मध्यावर आणायची, ती मध्यावर नसेल तर पुढचं काहीच होत नाही. भांडं झालं की ते चामड्यासारखं घट्ट होईपर्यंत थांबायचं, त्याला लेदर हार्ड म्हणतात, आणि बूड तासायचं, कान जोडायचा ते त्याच अवस्थेत, कारण जास्त ओलं असलं तर आकार खचतो आणि जास्त वाळलं तर जोड सुटतो. वाळवायचंही हळू, काठ आधी वाळला आणि बूड ओलं राहिलं की तडा गेलाच. मग पहिली भट्टी, साधारण १००० अंश सेल्सियसची, तीही सावकाश चढवायची कारण आत ओल राहिली असेल तर १०० अंशांच्या आसपास वाफ होऊन भांडं फुटतं, आणि ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं. मग ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, लावून दुसरी भट्टी, स्टोनवेअर म्हणजे दगडासारखी टणक भाजलेली भांडी असतील तर १२०० च्या वर. ओल्या मातीपासून शेवटपर्यंत भांडं साधारण दहा-बारा टक्के आटतं, मातीवर अवलंबून, म्हणजे जो कप हवाय त्याहून मोठा कप करायला लागतो आणि हे आटणं मनात धरूनच आकार ठरवावा लागतो.

ग्लेझ म्हणजे तर सरळ केमिस्ट्री. सिलिका काच बनवते पण एकटी वितळायला १७०० अंश लागतात, म्हणून फ्लक्स, म्हणजे वितळायला मदत करणारा पदार्थ, घालून ते तापमान खाली आणायचं, आणि वितळून ओघळू नये म्हणून अल्युमिना. तांबं घातलं आणि भट्टीत हवा भरपूर असली तर हिरवं येतं, हवा कमी ठेवली तर तेच तांबं लाल होतं. म्हणून प्रत्येक मुलाकडे टेस्ट टाइल्सचा, म्हणजे ग्लेझ लावून बघायच्या छोट्या फरश्यांचा, ढीग असतो आणि रेसिपी लिहिलेली वही. आणि हो, मातीची धूळ कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची, त्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि शेवटपर्यंत पाळायला लावतात.

बाकीच्या वर्कशॉपमध्येही तेच सूत्र, की आधी मटेरियल काय म्हणतंय ते ऐकायचं मग आपली आयडिया. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होत जातो, हातोडीचा आवाजही बदलतो, मग थांबून तो मंद लाल होईपर्यंत तापवायचा की परत मऊ. विणकामात खरं काम माग चालू व्हायच्या आधीचंच, ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा चुकीच्या जागी ओवला गेला तर ती रेघ कापडाच्या टोकापर्यंत जाणार. बुकबाइंडिंगमध्ये कागदाला आतल्या तंतूंची दिशा असते, ती कण्याला समांतर नसेल तर डिंक लागल्यावर पुस्तक वाकडं होतं. प्रिंटमेकिंगला, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापायला, सगळं उलटं कोरायचं. रंगाईत नीळ कापडावर चढवली की पिवळट हिरवी दिसते आणि हवा लागल्यावर डोळ्यांदेखत निळी होते, हे तिने एकदा बघितलंच पाहिजे!

तू म्हणतोस व्हिडिओ. अरे व्हिडिओत दाखवणाऱ्याची माती बरोबर असते, तुझी जरा जास्त ओली आहे हे तो कसा सांगणार? ते सर किंवा मॅडम शेजारी उभं राहून, बोट लावून सांगतात. आणि भट्टी उघडते तेव्हा सगळ्या वर्गाचं काम एकत्र बाहेर येतं, दुसऱ्याचं का फुटलं, तिसऱ्याचा रंग असा कसा आला, हे बघून जेवढं शिकता येतं तेवढं एकट्याने घरी बसून नाही येत.

मग क्रिट. काम भिंतीवर लावायचं, सगळ्यांनी त्यावर बोलायचं. सुरुवातीला मुलं 'छान आहे' एवढंच म्हणतात, मग हळूहळू म्हणायला लागतात की नजर इथे अडते, हा जोड दिसायला नको होता. स्वतःच्या कामाबद्दल असं बोलता येणं, आणि काम कुठे थांबवायचं ते कळणं, मला वाटतं पुढे जन्मभर पुरतं ते हेच. कलेचा इतिहास असतो, पोर्टफोलिओ, कामाचे फोटो, किंमत लावणं हेही असतं, पण किंमतीचं बऱ्याच ठिकाणी उरकून टाकतात आणि ते मला पटत नाही, स्वतःच्या तासांचे पैसे धरायला मुलांना नीट शिकवलंच पाहिजे.

म्हणून अॅडमिशनच्या आधी तिला घेऊन वर्कशॉप बघून ये, माहितीपत्रकावर जाऊ नकोस. क्लास संपल्यावर मुलांना वर्कशॉप उघडं असतं का, भट्टी किती वेळा लागते, मदतीला पूर्णवेळ टेक्निशियन आहे का, मटेरियलचा खर्च कोण करतं, हे विचार. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या वह्या बघायला माग, नुसत्या तयार वस्तू नकोत. वह्यांत फसलेल्या टेस्ट भरपूर असतील तर जागा चांगली आहे असं मी समजेन.

आणि तिला हात कशात घालावासा वाटतो, माती, सूत, लाकूड की धातू, तेवढं विचारून मला कळव. त्यावरून कुठला कोर्स बघायचा ते आपण बोलू.

तुझीच,
मैत्रीण