वस्तू काढा, तिथे पाणीच आहे असं समजा

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र थेट तुमच्या घरी पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. वस्तू का तरंगतात हे तुम्ही ज्या वाटेने शिकवलंत, ती वाट आणखी चार जणांना दिसावी असं फार वाटतं.

आर्किमिडीजचं तत्त्व आम्हाला पाठ होतं. वस्तूने जेवढा द्रव बाजूला सारला, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतकं बल तिला वर ढकलतं. परीक्षेत एवढ्यावर पूर्ण गुण मिळत. तुम्ही मात्र विचारलंत, बाजूला सारलेलं पाणी तर आता तिथे नाही, मग त्याचं वजन वस्तूला कळतं कसं? या एका प्रश्नासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

मग तुम्ही फळ्यावर पाण्यात बुडलेला एक घन काढलात. बाजू 10 सेंटीमीटर, म्हणजे आकारमान बरोबर एक लिटर. माथा पाण्याखाली 10 सेंटीमीटरवर, तळ 20 सेंटीमीटरवर. खोलीबरोबर दाब वाढतो, कारण खालच्या थराला वरचं सगळं पाणी पेलावं लागतं. त्यामुळे तळाला वर रेटणारं बल माथ्याला खाली दाबणाऱ्या बलापेक्षा मोठं. आडवे रेटे एकमेकांना संपवतात. उरतो तो फरक सुमारे 9.8 न्यूटन, नेमकं एक लिटर पाण्याचं वजन. घन 50 मीटर खोल नेला तरी माथा आणि तळ यांच्यातलं अंतर तेच, म्हणून वर ढकलणारं हे बल, म्हणजे प्लावक बलही तेच.

पण दगड काही घनासारखा नसतो. वेड्यावाकड्या आकाराचं काय? तेव्हा तुमचं ते वाक्य आलं: वस्तू काढा, तिथे तिच्याच आकाराचं पाणी आहे असं समजा. ते पाणी बुडत नाही, वर येत नाही, जागच्या जागी राहतं. म्हणजे भोवतालचं पाणी त्याचं सगळं वजन पेलतं आहे. आता त्या जागी दगड ठेवा, लाकूड ठेवा, लोखंड ठेवा. आत काय आहे याची भोवतालच्या पाण्याला खबरही नसते, ते तेवढ्याच बलाने रेटत राहतं. इतका स्वच्छ युक्तिवाद मी फार थोडे पाहिले आहेत. आर्किमिडीजच्या तरंगत्या वस्तूंवरच्या ग्रंथातही वस्तूची तुलना तेवढ्याच आकारमानाच्या द्रवाशी आहे. मुकुटाची प्रसिद्ध गोष्ट त्या ग्रंथात नाहीच, ती पुढे रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने सांगितली.

ही वाट कळली की कितीतरी गोष्टी आपोआप उलगडतात. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट, म्हणून खिळा बुडतो. पण पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरापट, म्हणून त्यावर तोच खिळा तरंगतो. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून तळाला न लावता बोट बुडवलं, तर काट्यावरचा आकडा वाढतो, कारण पाणी बोटाला वर रेटतं तेव्हा बोटही पाण्याला खाली रेटतं. आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकात, जिथे पाण्याला वजन जाणवत नाही, तिथे खोलीबरोबर दाब वाढत नाही. तिथे पाण्यातला बुडबुडा वर येत नाही. मुळात ‘वर’ ही दिशाच उरत नाही!

बाई, आज मी जहाजांच्या स्थैर्याची गणितं करते, आणि ‘तिथे पाणी आहे असं समजा’ हे वाक्य रोज वापरते. जहाजाने व्यापलेल्या जागेत पाणी असतं तर त्याचा गुरुत्वमध्य जिथे आला असता, तिथूनच प्लावक बल वर लागतं. जहाज कललं की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि हा बिंदू कललेल्या बाजूला सरकतो. वजन एका रेषेत खाली, बल दुसऱ्या रेषेत वर, आणि ही जोडी जहाजाला पुन्हा सरळ करते. जहाजाचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खालीच हवा असं पुष्कळांना वाटतं, पण बहुतेक जहाजांत तो वरच असतो. तो मेटासेंटरच्या खाली राहिला की झालं. जहाज थोडं कललं की प्लावक बलाची उभी रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. मेटासेंटरची ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पियर बूगे यांनी 1746 साली मांडली. अर्धवट भरलेल्या टाक्या मला सगळ्यात जास्त धास्तावतात. जहाज कलतं तिकडेच आतलं पाणी धावतं आणि सरळ करणारी ताकद खाऊन टाकतं.

एका कोड्याबद्दल मात्र वेगळे आभार मानायचे आहेत. तलावातल्या होडीतून दगड पाण्यात टाकला तर तलावाची पातळी वाढेल की घटेल? तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत, आम्ही वर्गात तावातावाने भांडत राहिलो तरी नाही. होडीत असताना दगड आपल्या वजनाएवढं पाणी सारतो, तळाशी गेल्यावर फक्त आपल्या आकारमानाएवढं, म्हणून पातळी घटते. हे मला स्वतःला सुचलं तो आनंद तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवला होता.

आपली विद्यार्थिनी