रविवारची बैठक : मुलींना सोबत आणा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला गंगापूर रोडवर नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : मेडिकल फिजिक्समध्ये मुली आणि आदिवासी मुलं इतकी कमी का?

कॅन्सरच्या उपचारात द्यायच्या रेडिएशनचा डोस ठरवणारं हे काम. पण "बाईमाणसाला रेडिएशनजवळ कशाला?" हे अजून ऐकावं लागतं, फार वाईट वाटतं. गरोदरपण कळवल्यावर गर्भासाठी १ मिलिसीव्हर्टची (हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) मर्यादा नियमातच आहे. नोकरी सोडायचं कारण नाही. पालकांना हे समजावून सांगायलाच हवं. १९७७चं वैद्यकाचं नोबेल मिळवणाऱ्या रोझलिन यॅलो मेडिकल फिजिसिस्टच होत्या.

पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातल्या सभासदांनी बीएस्सी फिजिक्सच्या मुलामुलींना जरूर आणावं. एसटीचं भाडं मंडळ देईल. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.