पाठवणारा नेमका कोण, हे दाखवून दिल्याबद्दल

आदरणीय महोदया,

सादर नमस्कार.

आमच्या संकेतस्थळावरील चौकशीच्या अर्जातून निघणारे ईमेल कधी स्पॅममध्ये जाऊन पडत, कधी कुठेच पोहोचत नसत, आणि ते पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम, मात्र दर वेळी संदेश यशस्वीपणे पाठवल्याचे सांगत असे. हा गुंता आपण ज्या चिकाटीने सोडवलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसाठी खुले ठेवले आहे, कारण आपण समजावून दिलेली गोष्ट याच अडचणीत असलेल्या इतरांच्याही कामी यावी, असे मला मनापासून वाटते.

आपण आरंभी कोडला हातच लावू दिला नाही. पोहोचलेल्या एका संदेशाचे संपूर्ण हेडर, म्हणजे मजकुराच्या आधी असणाऱ्या पाठवणाऱ्याच्या व प्रवासाच्या नोंदी, उघडायला सांगून आपण त्यातील दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्यात. ‘फ्रॉम’च्या ओळीत आमचा पत्ता अगदी बरोबर होता, ‘रिटर्न-पाथ’मध्ये मात्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हे वेब सर्व्हरच्या खात्याचे नाव आणि त्यापुढे यंत्राचे अंतर्गत नाव होते. प्रत्येक ईमेलला पाठवणारे दोन असतात, एक पत्राच्या मायन्यातला आणि एक पाकिटावरचा, हे आपले वाक्य त्या क्षणी पुरते उमगले. आमची स्क्रिप्ट ज्या पीएचपी भाषेत आहे, तिच्या ईमेल पाठवणाऱ्या ‘मेल’ फंक्शनला चौथ्या आर्ग्युमेंटमधून, म्हणजे चौथ्या जागी पुरवलेल्या माहितीतून, जी हेडर दिली जातात, ती मायन्यात बसतात. पाकिटावरचा पत्ता सर्व्हरवरून ईमेल रवाना करणारा सेंडमेल हा प्रोग्रॅम ठरवतो, आणि त्याला वेगळे काही सांगितले नाही तर ज्या खात्याने स्क्रिप्ट चालते, तेच खाते तो तिथे लिहितो. म्हणूनच फ्रॉमची ओळ कितीही वेळा बदलली तरी फरक पडत नव्हता. पाचव्या आर्ग्युमेंटमध्ये उणे चिन्ह, एफ हे अक्षर आणि त्याला जोडून आमचा पत्ता देताच पाकिटावरचे नाव बदलले. एसपीएफची तपासणी, म्हणजे त्या डोमेनच्या नावाने ईमेल पाठवायची या सर्व्हरला परवानगी आहे का हे पाहणे, मुख्यतः पाकिटावरच्याच डोमेनची (पत्त्यातील ‘@’ पुढच्या भागाची) होते, हे आपण त्याच वेळी लक्षात आणून दिलेत.

न पोहोचलेल्या संदेशांचे काय होत होते, याचे उत्तरही तिथेच निघाले. परत येणाऱ्या सूचना पाकिटावरच्या पत्त्याकडे जातात; त्या सर्व्हरवरील, कोणीही न उघडणाऱ्या पेटीत साचत होत्या. ‘मेल’ फंक्शनने ‘खरे’ असे उत्तर दिले, तर त्याचा अर्थ संदेश पाठवणीसाठी स्वीकारला गेला एवढाच असतो, पोहोचला असा नसतो. त्या पेटीतील नकाराची कारणे वाचून दाखवण्यासाठी आपण दिलेला वेळ मी विसरणार नाही, कारण दुसरा दोष त्यांतूनच सापडला.

अर्ज भरणाऱ्या व्यक्तीचा पत्ता स्क्रिप्ट थेट फ्रॉममध्ये लिहीत होती, अशी अर्जाची एक जुनी आवृत्ती अजून एका पानावर चालू होती. उत्तर देणे सोपे जावे, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण डीमार्क ही तपासणी मायन्यातील फ्रॉमचे डोमेन एसपीएफने किंवा डीकेआयएमने (संदेशावरील डोमेनच्या डिजिटल स्वाक्षरीने) सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळते का, हे पाहते, आणि परक्या डोमेनच्या नावाने निघालेला आमचा संदेश तिथे टिकणे शक्य नव्हते. याहूने एप्रिल २०१४ मध्येच असे संदेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले होते, हे आपण सांगितलेत, तेव्हा ठरावीक लोकांचेच अर्ज का हरवतात, तेही उलगडले. आता फ्रॉममध्ये आमचा पत्ता असतो आणि अर्जदाराचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये जातो.

काम झाल्यासारखे दिसत असतानाही आपण थांबला नाहीत, याचे मला विशेष अप्रूप आहे. अर्जातील नाव किंवा पत्ता हेडरमध्ये जाण्यापूर्वी त्यात नवी ओळ सुरू करणारी चिन्हे नाहीत ना, हे तपासण्याचा आग्रह आपण धरलात, नाहीतर कोणीही त्यातून गुप्त प्रतीची ओळ घुसवून आमच्या सर्व्हरवरून हवे त्याला संदेश पाठवू शकला असता. पाचव्या आर्ग्युमेंटमध्ये अर्जदाराने भरलेले काहीही जाऊ द्यायचे नाही, हेही आपण बजावलेत. पीएचपीमेलर या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत डिसेंबर २०१६ मध्ये उघड झालेली गंभीर त्रुटी याच वाटेने शिरली होती, हे कळल्यावर त्या सूचनेचे वजन ध्यानात आले.

आता येणाऱ्या संदेशांच्या हेडरमध्ये एसपीएफ आणि डीमार्क या दोन्हींपुढे ‘पास’ दिसते. फॉरवर्ड केलेल्या संदेशाचे एसपीएफ सहसा टिकत नाही, म्हणून डीकेआयएमची स्वाक्षरीही हवी, असे आपण लिहून दिले होते; त्या टिपणानुसार किल्ली तयार करून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंद केली आहे, आणि स्वाक्षरी असलेला पहिला संदेश आपल्याच पत्त्यावर पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
एका संकेतस्थळाचा व्यवस्थापक