साइड प्रोजेक्ट म्हणजे उरलासुरला माल नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख वाचला. बीटल्स, द हू, जेनेसिस, क्वीन यांची ओळख नेटकी करून दिली आहे. मात्र या मंडळींनी बँडबाहेर केलेल्या कामाला, म्हणजे साइड प्रोजेक्टना, शेवटच्या दोन ओळींत ‘फावल्या वेळचे उद्योग’ म्हणून निकालात काढले, ते पटले नाही. बँडमध्ये कोणाचा हात किती होता, हे कळण्याची खरी जागा तीच. भजनाला साथ करणारा तबलावादक एके दिवशी नाट्यसंगीताला बसला की त्याचा स्वतःचा हात कोणता आणि मंडळाची सवय कोणती ते उमगते, तसेच हे.

१९७७ चा ‘रफ मिक्स’ हा अल्बम घ्या. वर नावे दोघांची: हूचा पीट टाउनशेंड आणि पूर्वी फेसेसमध्ये असलेला रॉनी लेन. आतली बारीक अक्षरे वाचली की गिटारवर एरिक क्लॅप्टन, ड्रम्सवर रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स, हॉर्नवर हूचाच जॉन एन्टविसल अशी नावे निघतात. त्यातले ‘स्ट्रीट इन द सिटी’ म्हणजे ॲकूस्टिक गिटार आणि सोबत व्हायोलिन-चेलोंचा ताफा. त्या काळच्या हूच्या कुठल्याही अल्बमात ते शोभले नसते.

बारीक अक्षरांतही फसवणूक असते बरे का. क्लॅप्टनच्या क्रीम या बँडच्या १९६९ च्या ‘बॅज’ गाण्यात गिटारवर ‘लांजेलो मिस्तेरिओसो’ असे इटालियन नाव छापले आहे. तो बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन. उलट हॅरिसनच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ अल्बममधल्या ‘स्कीइंग’वर ‘एडी क्लेटन’ या नावाने वाजवणारा गिटारवाला म्हणजे क्लॅप्टन. दोघांचे करार वेगवेगळ्या कंपन्यांशी, म्हणून ही टोपणनावांची देवाणघेवाण. अनोळखी नाव दिसले की आधी हा संशय घ्यावा.

शोधताना बहुतेकांची गाडी इथेच अडते. गाण्यांचे ॲप अल्बमला मुखपृष्ठावरच्या नावाखाली टाकते, म्हणून जेनेसिसचा ड्रमर फिल कॉलिन्स शोधून त्याचा दुसरा बँड ब्रँड एक्स सापडत नाही. पिंक फ्लॉइडच्या रिक राइटचा डेव्ह हॅरिससोबतचा बँड ‘झी’. ते नाव टाकले की झी म्युझिकच्या गाण्यांचा ढीग पुढे येतो. लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक पॉल रॉजर्स यांचा ‘द फर्म’ शोधावा तर त्याच नावाचा अमेरिकन रॅप गट निघतो, आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा ‘शक्ती’ म्हटले की हिंदी सिनेमा. उपाय सोपा आहे: बँडच्या नावाला अल्बमचे नाव जोडा. ‘झी आयडेंटिटी’, ‘ब्रँड एक्स अनऑर्थोडॉक्स बिहेवियर’. दिसलेल्या वर्षावर विसंबू नका, कारण पुनर्प्रकाशित अल्बमवर पुष्कळदा नवे वर्ष असते. ‘आयडेंटिटी’ मूळ १९८४ चा, नव्याने निघाला २०१९ मध्ये. मूळ अल्बमात किती गाणी होती तेही आधी पाहा. क्वीनच्या ब्रायन मेने गिटारवादक एडी व्हॅन हेलनबरोबर एप्रिल १९८३ मध्ये दोन दिवसांत वाजवलेल्या ‘स्टार फ्लीट प्रोजेक्ट’मध्ये जेमतेम तीनच तुकडे होते. २०२३ च्या संचात त्या दोन दिवसांचे सगळे टेक घातले आहेत. सुरुवात तिथून केली तर माणूस कंटाळून उठतो. आधी मूळचे तीन ऐकावेत, त्यातही ‘ब्लूज ब्रेकर’.

मराठी वाचकाला तर या विषयाचे दार घरापासूनच उघडते, आणि नेमके तेच लेखात नव्हते. ‘वंडरवॉल म्युझिक’ हा बीटल्सपैकी कोणाही एकट्याचा पहिला अल्बम आणि ॲपल रेकॉर्ड्सचीही पहिली एलपी, नोव्हेंबर १९६८ ची. त्याचा भारतीय भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. मुंबईत तेव्हा मोनो यंत्रच होते. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. दोनच ट्रॅक म्हणजे नंतर एकेका वाद्याचा आवाज कमी-जास्त करायला वाव नाही. कोण माइकच्या किती जवळ बसला, यावरच सगळा तोल. शिवकुमार शर्मांचे संतूर, आशिष खाँ यांचे सरोद आणि सनई ऐकताना हे ध्यानात ठेवा. त्याच मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ गाण्याचे वाद्यसंगीतही झाले, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गायन हॅरिसनने पुढच्या महिन्यात लंडनला चढवले.

टाउनशेंडचा १९७२ चा ‘हू केम फर्स्ट’ तर मेहेरबाबांच्या भक्तीतून आलेला. पुण्यात जन्मलेल्या बाबांची समाधी नगरजवळ मेहेराबादला आहे. १९७० पासून भक्तांपुरत्या मोजक्या प्रतींच्या एलपी निघत होत्या, त्यांच्या चोरट्या आवृत्त्या अमेरिकेत विकल्या जाऊ लागल्या, म्हणून हा रीतसर अल्बम काढावा लागला. त्यातले ‘परवर्दिगार’ मेहेरबाबांच्या प्रार्थनेवरच बेतलेले आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा शाळेतला बँड ‘द हेक्टिक्स’ पाचगणीचा, हे बहुतेकांना ठाऊक असतेच.

जॉन मॅक्लॉफ्लिन रॉकचा की जॅझचा, हा वाद बाजूला ठेवू. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या आपल्या आधीच्या बँडमधली विजेची गिटार बाजूला ठेवून तो झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’त बसला, तेव्हा गिब्सनकडून खास गिटार बनवून घेतली. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले, त्यामुळे तार आत दाबून मींड काढता येते. शिवाय ध्वनिछिद्रावरून तिरप्या गेलेल्या सात तरफा, म्हणजे सोबत झंकारणाऱ्या तारा. पहिला अल्बम जुलै १९७५ मधल्या लाँग आयलंडच्या मैफलीचा. त्यातला १८ मिनिटांचा ‘जॉय’ मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. घटमचा खर्ज त्यात उतरतच नाही, उरतो नुसता टकटकाट. ब्रँड एक्समधल्या पर्सी जोन्सच्या बासचेही तेच. साधे वायरचे इअरफोन त्यापेक्षा बरे, आणि संतुराचे हलके सूर ऐकताना कूलर पाच मिनिटे बंद ठेवा. सोलापुरात हे सांगणे म्हणजे जुलूम आहे, पण इलाज नाही.

तुलना करायची तर एकच वादक आणि एकच वर्ष धरा. १९७६ ची जोडी बघा: जेनेसिसचे ‘लॉस एन्डॉस’ आणि ब्रँड एक्सचे ‘न्यूक्लिअर बर्न’, दोन्हींवर ड्रम्स कॉलिन्सचे. ॲपमधला क्रॉसफेड बंद करा, नाहीतर एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो. आवाज समपातळीत आणणारी सोय मात्र चालू ठेवा. नव्या रीमास्टरचा, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने संस्कार केलेल्या आवृत्तीचा, आवाज मोठा असतो, आणि मोठे वाजते तेच कानाला सरस वाटते.

जुन्या एलपी घेणाऱ्यांसाठी थोडे. तबकडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक पाहा, मग तिरप्या उजेडात चरे. नखाला लागणारा चरा सुईलाही लागणारच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गाडीत विसरलेली एलपी संपलीच म्हणा. घरातही एकावर एक थप्पी नको, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. सुईचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, कागदावर दिलेला असतो, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. तो कमी केला की सुई उड्या मारते आणि खाच जास्तच खराब होते. पुसायला डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड, खाचेच्या दिशेने. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना मात्र स्पिरिट चुकूनही लावू नका, त्यांतली लाख विरघळते.

सगळेच साइड प्रोजेक्ट थोर आहेत असे अजिबात नाही. स्टीव्ह हॅकेट आणि स्टीव्ह होव यांचा १९८६ चा ‘जीटीआर’ दोन अव्वल गिटारवाले असूनही चकचकीत आणि पोकळ आहे. ‘द फर्म’मध्ये पेज पाट्या टाकतो. रॉजर टेलरचा ‘द क्रॉस’ कुतूहलापुरता ऐकावा. तिथे क्वीनचा हा ड्रमर पुढे येऊन गातो आणि गिटार वाजवतो.

एक सूचना. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जागी महिन्यातून एकदा दीड तासाचे श्रवणसत्र सहज होईल. सात-आठ तुकडे पुरेत, आणि दर तुकड्याआधी वादकांची नावे वाचून दाखवावीत. सार्वजनिक जागी ध्वनिमुद्रित संगीत वाजवायला परवाना लागतो, त्याची चौकशी आयोजकांनी आधी करावी. आणि आपल्या पुरवणीला विनंती: यापुढे अल्बमविषयी लिहाल तेव्हा चौकटीत मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि सगळ्या वादकांची नावे छापावीत. गायकाचा फोटो थोडा लहान केला की तेवढी जागा निघते.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
जुळे सोलापूर