मेकॅनिकला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे

ऑस्ट्रेलियातील खाणींसाठी परदेशातून अवजड यंत्रांचे मेकॅनिक नेण्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. अशा भरतीला माझा विरोध नाही. मात्र लेखात पगार आणि मनुष्यबळाची टंचाई यांवरच सारा भर आहे. व्हिसाच्या अटी जेमतेम एका ओळीत उरकल्या आहेत. खरी मेख तिथेच आहे. ३६३ टन माल वाहणाऱ्या डंपरखाली शिरण्यापूर्वी मेकॅनिक बॅटरीचा पुरवठा तोडतो, हायड्रॉलिकचा दाब उतरवतो आणि दुसऱ्या कोणी यंत्र सुरू करू नये म्हणून तोडलेल्या पुरवठ्यावर स्वतःचे कुलूप व नावाची पट्टी लावतो. ते कुलूप त्यानेच काढायचे असते. उत्पादन अडले म्हणून सुपरवायझर घाई करू लागला, तर ‘काम अजून झालेले नाही’ असे मेकॅनिकला ठामपणे सांगता आले पाहिजे. व्हिसाच मालकाच्या हाती असेल, तर तो हे कसा सांगणार? पूर्वी नोकरी सुटल्यावर नवा प्रायोजक, म्हणजे व्हिसासाठी पाठबळ देणारा मालक, शोधायला ६० दिवस मिळत. १ जुलै २०२४ पासून ही मुदत सलग १८० दिवस झाली, हे फार चांगले झाले. पण नव्याने जाणाऱ्या मेकॅनिकला हे कोण सांगते? करारासोबत ही माहिती त्याच्या भाषेत, लेखी देणे भरती करणाऱ्यांवर बंधनकारक करावे.